नोकरी सोडून पेटीची साथ करू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २६, पुण्यात आयटीत नोकरी, आठ वर्षं पेटी (हार्मोनियम) शिकतोय, विशारद झालंय, क्लासच्या कार्यक्रमांत आणि बाहेर तीन बैठकींत साथ केली, सगळे म्हणतात हात छान आहे. नोकरी सोडून पूर्णवेळ साथीदार व्हावं का, ते आयुष्य आतून कसं असतं, खरं सांगा ताई, गुळमुळीत नको.

बरं, गुळमुळीत नको तर नको. मी १९९४ पासून साथ करतेय, म्हणजे तीस वर्षं होऊन गेली, त्यातली पहिली चौदा वर्षं शाळेत संगीत शिक्षिकेची नोकरी सांभाळून आणि पुढची पूर्णवेळ, तेव्हा दोन्हीकडचं मीठ खाल्लंय. आणि तुझ्या प्रश्नात मला खटकलं ते एकच वाक्य, 'हात छान आहे'. माझाही हात छान होता रे, सगळे म्हणायचे, आणि त्याच हाताने माझी चार वर्षं घालवली. कशी ते सांगते.

१९९६ ची गोष्ट. दादरला एका घरी बैठक होती, चाळीस-पन्नास माणसं, गायिका माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठ्या, नाव नाही सांगत. मला बोलावलं म्हणून मी हवेत. त्यांनी दरबारी राग लावला, विलंबित म्हणजे संथ एकताल, आणि मी जे काही शिकले होते ते सगळं त्या रात्री वाजवलं. लोकांनी मलाही दोनदा दाद दिली. त्या काळी मी छोटा टेपरेकॉर्डर पेटीच्या खोक्याआड ठेवून रेकॉर्डिंग करायचे, तर दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीहून लोकलमध्ये वॉकमन कानाला लावून ऐकायला बसले, खिडकी मिळाली होती, मूड झकास. ठाणं यायच्या आत घाम फुटला.

काय ऐकू आलं? बाई एक आलाप संपवून थांबतात, साधारण एक श्वास, दीड श्वास. तिथे तंबोरा ऐकू यायला हवा होता, म्हणूनच त्या थांबत होत्या. आणि प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, तिथे माझी पेटी. त्यांनी जे गायलं ते परत, वर माझी एक हरकत, म्हणजे सुरांची छोटी नक्षी. जेवताना ताटात रिकामी जागा दिसली की वाढप्याने तिथे जिलबी टाकावी तसं. दुसरं म्हणजे सम, तालाची पहिली मात्रा. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलल्यावर त्या शेवटच्या दोन मात्रा किंचित रेंगाळवून समेवर अलगद उतरत होत्या, तबल्याचा धिं आणि त्यांचा शब्द बरोबर एकत्र पडत होता, आणि माझी पेटी त्यांच्या आधी पोचलेली. फार नाही, पाव मात्रा. कारण मला सम कुठेय ते माहीत होतं ना, मग बोटं कशाला थांबतायत. आणि तिसरं, दरबारीचा गंधार. तो कोमल गंधार आंदोलित, रिषभाच्या आधाराने हळूहळू डोलणारा, आणि त्याच्यावर माझी पट्टी ठाम दाबलेली, रांगोळीच्या वळणावर फूटपट्टी ठेवावी तशी.

त्या बाईंनी मला त्या रात्री एक शब्द बोलून दाखवला नाही. चहा झाला, पाकीट मिळालं, 'छान वाजवलंत' म्हणाल्या. आणि पुढची चार वर्षं बोलावलं नाही. या क्षेत्रात कोणी तुला चुकलास असं सांगणार नाही, फक्त फोन येणार नाही, आणि तू समजत बसणार की राजकारण आहे. राजकारण असतंच, पण माझ्या बाबतीत निम्म्याहून जास्त वेळा कारण कॅसेटमध्ये होतं.

आता साथ म्हणजे नेमकं काय चालतं ते जरा सांगते कारण बाहेरून लोकांना वाटतं गायक गातो आणि पेटीवाला ऐकून तेच वाजवतो. ऐकून वाजवायला गेलास तर कायम मागे राहशील, आणि पाठ करून वाजवलंस तर माझ्यासारखा पुढे पळशील. करायचं असतं ते अंदाज बांधणं. पेटी गायकाच्या डाव्या हाताला असते, तिथून चेहरा, गळा, खांदा सगळं दिसतं. मी बहुतेक वेळ गळ्याकडे आणि खांद्याकडे बघते. तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, जाणार असेल तर श्वास वेगळा घेतला जातो, तान येणार असेल तर कित्येकांचा डावा हात गुडघ्यावरून उठतो, एक गायक आहेत ते निषादावर थांबणार असले की हनुवटी किंचित आत घेतात, त्यांना स्वतःला हे माहीत नाही आणि मी सांगणारही नाही. अंदाज चुकतो, रोज चुकतो. म्हणून स्वर लागताना भाता सैल ठेवायचा, सूर दबका निघाला की चुकला तरी कोणाला कळत नाही आणि बरोबर निघाला तर मागाहून हवा देता येते. उजव्या हाताच्या करामती क्लासमध्ये शिकवतात, डाव्या हाताचं कोणी शिकवत नाही, माझ्या गुरुजींनी मात्र सहा महिने मला एकच सूर धरून नुसता भाता ओढायला लावला होता, सूर हलला तर परत पहिल्यापासून. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोलले असेन.

गुरुजींवरून आठवलं. ते तरुणपणी रेडिओवर पेटी वाजवू शकले नाहीत, कारण १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदीच होती. वाद्य परदेशी, पॅरिसमध्ये जन्मलेलं, पायाने हवा भरायचं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने भाता ओढायची सुटसुटीत पेटी केली आणि ती गावोगाव पसरली, पण तक्रार अशी की हिच्यात मींड नाही, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, श्रुती म्हणजे स्वरांमधले बारीक सूर नाहीत, हिला आपलं संगीत जमत नाही. आणि ती तक्रार खोटी नाहीये, हे पेटीवाल्यानेच आधी मान्य करावं असं माझं मत आहे. पियानोसारखी बारा समान भागांत लावलेली पेटी घेतलीस तर तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण सातवा हिस्सा. कमी वाटतं ना? भूप रागात गायक गंधारावर येऊन स्थिरावलाय, तंबोरे जुळलेत आणि तू ती पट्टी जोरात धरलीस की काचेवर नख ओढल्यासारखं होतं. कोणी एका पट्टीपुरती, म्हणजे एकाच ठरलेल्या सा साठी, पेटी नैसर्गिक सुरांत लावून घेतात, डॉ. विद्याधर ओक यांनी तर बावीस श्रुतींची पेटी बनवली. माझ्याकडे साधीच आहे. मग मी काय करते, तर अशा जागी त्या स्वरावर जातच नाही. दरबारीत गायक गंधारावर डोलायला लागला की मी खाली रिषभाला किंवा षड्जाला हलका हात ठेवून बसते, तोडी रागातही गंधार त्याचा त्याला करू देते, आणि तो खाली उतरला की मग त्याच्याबरोबर निघते. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर या मंडळींनी एवढ्या तोकड्या वाद्यातून जे काढलं ते ऐकताना, काय वाजवलं याच्याइतकंच काय सोडलं तेही ऐक. आप्पांची साथ असलेलं एखादं मोठं ख्यालाचं रेकॉर्डिंग घे आणि पेटी कधी बंद होते तेवढंच ऐक. मी हे केलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की बंद होणं हे पण वाजवणंच आहे.

आणि हे सगळ्यांकडे सारखं नसतं. किराणा घराण्याचा गायक एकेका स्वराची बढत करत वीस मिनिटं पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, राहील, तिथे तुला धीर पाहिजे, तार षड्ज तू आधी दाखवलास की त्याचं सगळं मुसळ केरात. जयपूर घराण्याचे गायक अनवट राग, जोडराग गाणार आणि तान आवर्तनभर गुंफत जाणार, तिथे तुला जागाच नाही, नुसतं चिकटून राहायचं. आग्रा घराण्याचा गायक बोल घेऊन लयीशी खेळणार, तिथे तबल्याशी त्याचं भांडण रंगलेलं असताना पेटीवाल्याने मधे नाक खुपसू नये, मुखड्याला हजर राहिलं की झालं. अभंग, नाट्यगीत यात उलट, तिथे तू गप्प बसलास तर लोक विचारतील पेटी बंद पडली का. तिथे जागा भरायच्या, गायकाला उचलून द्यायचं, ओळ संपली की पुढची उचल तुझ्याकडून आली पाहिजे. आणि तबला सोलो किंवा कथकला लेहरा धरायचा म्हणजे सोळा मात्रांची एकच ओळ पाऊण तास, न हलता, न सजवता. तरुण मुलांना लेहरा म्हणजे शिक्षा वाटते. मला विचारशील तर लयीसाठी त्याच्यासारखा व्यायाम नाही, आणि त्याचे पैसेही मिळतात.

म्हणून म्हणते, गाणं शिक. पेटी नाही, गाणं. बंदिशीचे शब्द माहीत नसतील तर मुखडा कुठून उचलणार ते कळणार नाही. ठेके स्वतः हातावर धरता आले पाहिजेत, विलंबित एकतालाच्या बारा मात्रा इतक्या संथ असतात की एकेकीत चार चार मोजाव्या लागतात, मोजता मोजता हरवलास की समेला चाचपडशील. आणि सगळ्या पट्ट्यांत हात बसव. फोनवर 'काळी चार' सांगतात, म्हणजे सा चौथ्या काळ्या पट्टीवर, तू घरी काळी चारचा रियाज करून जातोस आणि ग्रीनरूममध्ये बाई नाक पुसत म्हणतात, सर्दी आहे हो, आज पांढरी पाच. तंबोरे परत लावायला घेतात आणि तुझी बोटं एकदम परक्या गावात. स्केलचेंजर असला की तो सरकवून बोटं तीच ठेवता येतात, मीही वापरते, पण पेटी त्याने वजनदार होते आणि सवय लागली की साधी पेटी हातात आल्यावर फजिती. तालुक्याच्या ठिकाणी आयोजकांची पेटी वाजवायची वेळ येतेच, आणि तिच्यात उंदीर राहून गेलेला असतो.

उंदरावरून रीडची, म्हणजे पेटीच्या आत सूर काढणाऱ्या पितळी जिभेची, गोष्ट. एका दिवाळी पहाटला, साडेपाचची वेळ, मैदानात दव, पहिलाच राग ललत. दहाव्या मिनिटाला मंद्र निषाद मुका झाला. पट्टी दाबली जातेय, आवाज नाही. होतं असं, रीडच्या जिभेत धुळीचा कण नाहीतर केस अडकतो, किंवा उलट, दमट हवेने पट्टी फुगून अडकते आणि सूर बंदच होत नाही, ते तर त्याहून वाईट. मी दहा-बारा मिनिटं तो स्वर वरच्या सप्तकातून घेत राहिले, आणि द्रुत, म्हणजे जलद बंदिश, सुरू व्हायच्या आधी तबलजीने हातोडी काढून तबला लावायला घेतला तेवढ्यात वरची जाळी उचलली, पट्टीची फळी सैल केली, जुन्या पोस्टकार्डाचा कापलेला तुकडा त्या जिभेखालून अलगद फिरवला आणि परत बसवलं. चाळीस सेकंद. तबलजीने मुद्दाम अजून दोन ठोके जास्त मारले माझ्यासाठी, ते मी आयुष्यभर विसरणार नाही. पोस्टकार्ड अजून खोक्यात आहे, सोबत छोटा स्क्रूड्रायव्हर, मऊ ब्रश आणि सुईदोरा. ब्लेड वापरू नकोस, पितळ खरवडलं गेलं की सूर हलतो.

आता पैसे, कारण खरा प्रश्न तोच आहे आणि तू लाजून विचारला नाहीस. १९९४ ला पहिलं पाकीट १५० रुपयांचं होतं, सोबत नारळ. आज घरगुती बैठकीला मला काही हजार मिळतात, मोठ्या महोत्सवात बरे मिळतात, पण महोत्सव वर्षाला किती? गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, मग डिसेंबर ते फेब्रुवारी, हा आमचा हंगाम. आषाढीला अभंगांचे कार्यक्रम. मधले महिने सुके. कॅलेंडर बघून शेतकरी जसा हिशोब करतो तसा करावा लागतो. बहुतेक सगळे साथीदार क्लासवर जगतात, कार्यक्रमांवर नाही, हे लक्षात ठेव. मार्च २०२० मध्ये हातातले अकरा कार्यक्रम एका आठवड्यात गेले आणि वर्षभर एकही नाही, तेव्हा ऑनलाइन शिकवण्यांनी घर चाललं. ऑनलाइन शिकवता येतं, साथ नाही करता येत, आवाज पोचायला जो क्षणभर उशीर लागतो तेवढ्यात सगळं मोडतं, आम्ही हौसेने करून बघितलं होतं आणि हसून हसून बंद केलं.

मानाचं म्हणशील तर तेही बघून ठेव. पत्रिकेत आपलं नाव शेवटच्या ओळीत, एकदा तर बॅनरवर 'हार्मोनियम' एवढंच छापलं होतं, जणू पेटी स्वतः चालत येणार आहे. मी बाई असल्यामुळे अजून एक मजा. नऊवार नाही पण बरी साडी नेसून ग्रीनरूममध्ये गेले की आयोजक म्हणणार, 'तंबोऱ्याच्या ताई, तुम्ही मागे बसा'. मी म्हणते पेटीची आहे. मग ते माझ्या मागे बघतात, पेटीवाले कोण आलेत म्हणून. हल्ली कमी झालंय, पेटीला मुली बऱ्याच दिसतात, बरं वाटतं. साउंडवाला हा वेगळाच विषय, त्याला पेटी आवडते कारण तिचा आवाज सरळ येतो, तो ती वाढवून ठेवतो आणि गायकाला वाटतं तू जोरात वाजवतोयस. साउंड चेकला स्वतः जाऊन पेटी कमी करून घे. पेटी वाढवायला सांगणारे पेटीवाले खूप बघितले, कमी करायला सांगणारा दिसला की गायक लक्षात ठेवतो.

शरीर पण हिशोबात धर. तीन तास मांडी घालून, एका अंगाला वळून, डावा हात सतत चालू. चाळिशीत माझा डावा खांदा धरला, आठ महिने फिजिओ. पेटी उचलायला लाजू नको म्हणायचे आधी, आता म्हणते कुली कर.

मग नोकरी सोडायची का? आत्ता नको. मी स्वतः चौदा वर्षं सोडली नाही आणि त्याचा पश्चात्ताप एकदाही झाला नाही, कारण पगार येत होता म्हणून मला नको ते कार्यक्रम नाकारता आले, रियाज विकावा लागला नाही. दुसरी बाजूही सांगते. शाळेच्या परीक्षा, रजा नाही, म्हणून दोन परदेश दौरे गेले, आणि माझ्याबरोबरच्या एकाने पंचविशीत सगळं सोडून उडी मारली तो आज माझ्यापेक्षा कितीतरी पुढे आहे, उत्तम वाजवतो. त्याच्या घरी वडिलांची पेन्शन होती हेही तितकंच खरं. तुझ्या घरचं मला माहीत नाही. तुझी नोकरी घरून करता येत असेल तर आठवड्यातून दोन संध्याकाळ एखाद्या गाण्याच्या गुरूंकडे जाऊन बस, त्यांच्या शिष्यांच्या तालमीला पेटी धर, फुकट धर. कच्च्या गायकाबरोबर साथ करायला पक्क्या गायकापेक्षा जास्त कान लागतो, तो कुठे घसरेल सांगता येत नाही. अशी दोन वर्षं कर. फोन आपणहून यायला लागले, आणि तेही त्याच गायकांचे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तर मग परत बोलू. पहिल्यांदा कोणीही बोलावतं.

त्या दादरच्या बाईंचं राहिलं. २००० साली त्यांचा नेहमीचा पेटीवाला आजारी पडला म्हणून त्यांचा फोन आला, आवाजात उत्साह वगैरे काही नाही. पूरियाधनाश्री होता. मी पहिली पंधरा मिनिटं जवळजवळ षड्जच धरून होते, हाताला अक्षरशः खाज सुटली होती. मध्यंतरात त्या पाणी पित पित म्हणाल्या, 'पुढच्या महिन्यात सांगलीला आहे, मोकळ्या आहात का?' बाकी काही नाही. त्यांच्याबरोबर मग सतरा वर्षं वाजवलं.

तू तीन बैठकींत साथ केलीस म्हणतोस, कोणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केलंच असेल. ते मागून घे. हेडफोन लावून एकट्याने ऐक, घरच्यांना ऐकवू नको, ते छानच म्हणतील. विलंबितातली पहिली दहा मिनिटं घे आणि घड्याळ लावून मोज, त्यात तुझी पेटी किती सेकंद बंद आहे. तो आकडा मला कळव, मग राजीनाम्याचं बघू.